ईआरपीची भाऊबंदकी

मराठी माणसाला भाऊबंदकी समजावून सांगावी लागत नाही. शनिवारवाड्यापासून ते गावाकडच्या बांधापर्यंत आपला अर्धा इतिहास तिनंच भरलाय. त्यामुळे ओपन सोर्स ईआरपीचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा तो मला अजिबात परका वाटला नाही. एक मूळ पुरुष, चार कर्तबगार पोरं, विहिरीवरून भांडण, मग वाटणी. फरक एवढाच की इथं वाटणी झाली की प्रत्येकाला अख्खी जमीन मिळते! कोडची कॉपी करा, नवं नाव द्या आणि शेजारी चूल मांडा. आमच्या धंद्यात याला 'फोर्क' म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, सुट्टीच्या दिवशी हा उद्योग कशाला? तर माझ्या कॉलेजच्या एका मित्राचा भोसरीत कारखाना आहे. शीट मेटलचे सुटे भाग करतात, पंचेचाळीस माणसं. सगळा हिशेब फॉक्सप्रोमधल्या एका पॅकेजवर चालायचा. फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ ची, मायक्रोसॉफ्टनं तिचा आधार जानेवारी २०१५ मध्ये काढून घेतला. पॅकेज लिहिणारे गृहस्थ निवृत्त झाले, आणि सोर्स कोड आता त्यांच्याकडेही नाही. म्हणजे वीस वर्षांचा माल, देणी-घेणी, भंगाराचा हिशेब एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये, आणि तो कॉम्प्युटर बंद पडला तर? "तू सॉफ्टवेअरवाला ना, मग सांग, ओपन सोर्समधलं कुठलं घेऊ?" असं त्यानं विचारलं.

फीचर्सचा तक्ता करून 'हे आहे, हे नाही' अशा खुणा करणं सोपं होतं. पण असा तक्ता फक्त आजचा दिवस दाखवतो. कारखान्याला पुढची पंधरा वर्षं काढायची असतात. म्हणून ठरवलं, आधी या सगळ्यांच्या कुंडल्या बघायच्या.

आधी थोरलं घराणं

ईआरपीचं मूळ एमआरपी. (बिस्किटाच्या पुड्यावरची छापील किंमत नव्हे.) १९६० च्या दशकात आयबीएममधल्या जोसेफ ऑर्लिकीनं मांडलेली ही पद्धत. कल्पना साधी: शंभर पंखे द्यायचेत, म्हणजे तीनशे पाती आणि शंभर मोटरी लागणार. त्यातून गोदामात पडलेलं वजा करा, वाटेवर असलेलं वजा करा, आणि कुठली वस्तू यायला किती दिवस लागतात ते बघून उलटं मोजत या, की आज काय मागवायचं ते कळतं. ब्लॅक अँड डेकर कंपनीनं १९६४ मध्ये ही पद्धत पहिल्यांदा वापरली. आपल्याकडचा अनुभवी स्टोअरकीपर हे डोक्यात करतोच. पण वस्तू पाच हजार झाल्या की डोकं पुरत नाही.

१९७२ मध्ये जर्मनीत पाच जणांनी आयबीएमची नोकरी सोडून सॅप काढली. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे आयसीआयचा नायलॉनचा कारखाना. स्वतःचा कॉम्प्युटर नव्हता, म्हणून गिऱ्हाइकाच्याच मशीनवर बसून कोड लिहायचे. पुढे १९९० मध्ये गार्टनरनं 'ईआरपी' हा शब्द रूढ केला, १९९२ मध्ये सॅपचं आर-थ्री आलं, आणि २००० सालच्या दोन आकडी तारखांच्या भीतीनं जगभरच्या कंपन्यांनी जुनी पॅकेजं टाकून ईआरपी घेतलं. पुण्या-मुंबईतले कितीतरी इंजिनिअर त्याच लाटेत अमेरिकेला गेले. सगळ्यांचं भलं झालं असं मात्र नाही. फॉक्समायर ही औषधांची बडी घाऊक कंपनी सॅप बसवता बसवता १९९६ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि दोष कुणाचा हा वाद कोर्टात पोचला.

इथं एक गंमत लक्षात ठेवा. सॅपचा बराचसा धंद्याचा कोड गिऱ्हाइकाला वाचता येतो, चक्क उघडून बघता येतो. पण वाचता येणं म्हणजे मालकी नव्हे. सातबारा बघायला मिळाला म्हणून शेत आपलं होत नाही. ओपन सोर्सचा सगळा खेळ या फरकावर आहे.

कॉम्पिएरे: पहिली मोठी वाटणी

योर्ग यांके हा ओरॅकलमध्ये काम केलेला माणूस. त्यानं १९९९ मध्ये कॉम्पिएरे सुरू केलं. नाव इटालियन, अर्थ 'पूर्ण करणे'. मध्यम आकाराच्या धंद्यांना पुरेसं ईआरपी, तेही ओपन सोर्स! त्या काळी हे अद्भुतच होतं आणि लोकांनी धडाधड डाउनलोड केलं. मेख एकच. सुरुवातीला ते फक्त ओरॅकलच्या डेटाबेसवर चालायचं. सॉफ्टवेअर फुकट, पण ज्या पायावर उभं त्याचं लायसन्स विकत. म्हणजे घोडा फुकट, पण खोगीर सोन्याचं.

पैसे यांकेची कंपनी सल्ला-सेवेतून मिळवायची. दुसरी एक वाट होती ती जास्त महत्त्वाची: एका आवृत्तीतून पुढच्या आवृत्तीत डेटा नेणारं साधन सेवा-करार घेतलेल्यांनाच मिळायचं. कोड उघडा, पण पुढे जायचा रस्ता टोलचा.

२००६ मध्ये कंपनीत व्हेंचर कॅपिटल आलं. बाहेरून कोड पाठवणाऱ्यांची तक्रार आधीपासून होतीच, की आमच्या सुधारणा आत घेतल्या जात नाहीत, निर्णय बंद खोलीत होतात. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एडेम्पिएरे नावाचा फोर्क निघाला. मलेशियाचे रेधुआन डॅनियल ऊन हे त्यातले पुढारी. एरिक रेमंडनं १९९७ मध्ये 'चर्च आणि बाजार' अशी सॉफ्टवेअर लिहिण्याच्या दोन रीतींची तुलना केली होती. या मंडळींनी सांगून टाकलं, आम्ही बाजारवाले. त्यांनी ओरॅकलबरोबर पोस्टग्रेस चालवायचीही सोय केली आणि खोगिराचा खर्च गेला.

पुढे काय झालं? २०१० मध्ये कोन्सोना या कंपनीनं कॉम्पिएरे विकत घेतली, मग २०१२ मध्ये कोन्सोनाच दुसऱ्या कंपनीत विलीन होऊन अॅप्टीन झाली. मूळ नावाचा दबदबा विरून गेला. पण बाजारवाल्यांचंही सगळं गोडीगुलाबीत चाललं नाही. बाजारात गोंगाट असतोच. निर्णय कोण घेणार यावर वाद झाले, आणि कोडची मांडणी मुळापासून बदलू पाहणाऱ्यांनी २०११-१२ च्या सुमारास आयडेम्पिएरे वेगळं काढलं. तिकडे स्पेनमधल्या पाम्प्लोना शहरात कॉम्पिएरेच्याच कोडवरून ओपनब्राव्हो उभं राहिलं होतं. ते २००६ मध्ये ओपन सोर्स म्हणून बाहेर आलं आणि नंतर मोठ्या दुकान-साखळ्यांच्या कामाकडे वळलं. एका वाड्याची चार बिऱ्हाडं झाली.

आता ज्यानं २००५ मध्ये कॉम्पिएरे बसवलं असेल त्या कारखानदाराचा विचार करा. त्याची कंपनी बुडाली नाही, कोडही गायब झाला नाही. कुठल्यातरी चुलत्याच्या घरी जायची वाट उघडी राहिली. फॉक्सप्रोवाल्या माझ्या मित्राला नेमकी तीच वाट नव्हती. ओपन सोर्सचा फायदा 'फुकट' हा नाही, हा आहे.

सुरक्षेवरून फारकत

त्याच २००६ सालातली दुसरी वाटणी. एसक्यूएल-लेजर हे डीटर सिमाडर यांनी लिहिलेलं, पर्लमधलं, पोस्टग्रेसवर चालणारं हिशेबाचं पॅकेज. लहान धंद्यांत लोकप्रिय. त्यातल्या सुरक्षेच्या त्रुटी कशा हाताळायच्या यावरून काही लोकांचं आणि लेखकाचं जमेना. त्यांनी लेजरएसएमबी वेगळं काढलं. पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, एसक्यूएल-लेजरचं लायसन्स जीपीएलवरून स्वतःच्या वेगळ्या लायसन्सवर गेलं आणि नंतर परत जीपीएलवर आलं.

एकट्या माणसाच्या सॉफ्टवेअरचं हे असं असतं. तो माणूस हुशार असतो, प्रामाणिक असतो, पण सगळं त्याच्या मनावर. 'एकखांबी तंबू' हा शब्द आपल्याकडे उगाच नाही.

छोटूचा मोठा भाऊ

आता ज्याचं नाव आज सगळ्यांत जास्त कानावर पडतं ते. बेल्जियमच्या फाबियाँ पिंकार्सनं २००५ मध्ये टायनीईआरपी काढलं. पठ्ठ्याची हिंमत अशी की सॅपला हरवायच्या ईर्ष्येनं त्यानं 'सॉरी सॅप' नावाचं डोमेन घेऊन ठेवलं होतं! पण मोठ्या गिऱ्हाइकाकडे जाऊन 'टायनी' विकणं अवघड, म्हणून २००८ मध्ये नाव ओपनईआरपी झालं आणि २०१४ मध्ये ओडू. गांधीनगरलाही त्यांचं मोठं ऑफिस आहे.

पहिली फारकत २००८ लाच झाली. टायनीईआरपीच्या ४.२ आवृत्तीवरून ट्रायटन निघालं, तेही बेल्जियममध्येच. ट्रायटनवाल्यांनी दोन गोष्टी पक्क्या केल्या. एक, जुन्या आवृत्तीतून नव्या आवृत्तीत डेटा नेण्याची सोय सॉफ्टवेअरमध्येच असेल, त्याला वेगळे पैसे नाहीत. दोन, नाव आणि डोमेन कंपनीकडे नसून प्रतिष्ठानाकडे असेल. ते प्रतिष्ठान २०१२ मध्ये झालं. दवाखान्यांसाठीचं ग्नू हेल्थ ट्रायटनवरच बांधलेलं आहे. स्वच्छ, नेटकं काम. पण पुण्यात ट्रायटन येणारा माणूस शोधून दाखवा! मला सापडला नाही. निवडीच्या वेळी हेही वजनात धरावं लागतं.

ओडूची खरी कलाटणी २०१५ ची. आठव्या आवृत्तीपर्यंत सगळा कोड एजीपीएलखाली होता. म्हणजे तुम्ही तो बदलून नेटवरून सेवा दिलीत तरी बदललेला कोड वापरणाऱ्याला द्यावा लागेल. नवव्या आवृत्तीपासून दोन ताटं झाली: कम्युनिटी आवृत्ती एलजीपीएलखाली, आणि एंटरप्राइझ आवृत्ती माणशी पैसे भरून, बंद लायसन्सची. एलजीपीएलमुळे उघड्या पायावर बंद मजले चढवता येतात. आज पूर्ण अकाउंटिंग, क्वालिटी वगैरे वरच्या मजल्यावर आहे. खालच्या मजल्यावर बिलं करता येतात, उत्पादनाचं मूळ कामही होतं. बाकी उणीव ओडू कम्युनिटी असोसिएशनची मंडळी आपल्या मोड्यूल्सनी भरून काढतात.

यावर 'दगा दगा' असा ओरडा झाला. मला त्यात दोन्ही बाजू दिसतात. ओडू दरवर्षी नवी आवृत्ती काढतं आणि शेवटच्या तीन मोठ्या आवृत्त्यांना आधार देतं. शेकडो प्रोग्रामरांचे पगार निव्वळ सेवा विकून निघत नाहीत हे त्यांचं म्हणणं खोटं नाही, आणि त्या पैशातून सॉफ्टवेअर झालंय झकास. पण २०१४ मध्ये 'सगळं ओपन आहे' म्हणून ज्यांनी बसवलं, त्यांच्या पायाखालची सतरंजी वर्षभरात सरकली हेही तितकंच खरं. आणि पुन्हा तोच टोलनाका: आवृत्ती बदलायची कंपनीची सेवा एंटरप्राइझच्या गिऱ्हाइकांना. कम्युनिटीवाल्यांनी असोसिएशनच्या ओपनअपग्रेडवर भिस्त ठेवायची आणि ते तयार होईपर्यंत थांबायचं.

शेजारच्या घरी, म्हणजे सीआरएममध्ये, हेच नाटक आधी झालं होतं. शुगरसीआरएमवरून २००४ मध्ये चेन्नईचं व्हीटायगर निघालं, आणि २०१३ मध्ये स्वीटसीआरएम. शुगरनं पुढे आपली कम्युनिटी आवृत्ती बंदच केली. तेव्हा ज्यांनी आधी कुंडली बघितली त्यांना धक्का बसला नाही.

आपल्याकडची गोष्ट

भारतात हिशेबाचं सॉफ्टवेअर म्हणजे टॅली. १९८६ मध्ये बंगलोरला श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या धंद्यासाठी पॅकेज हवं होतं, मुलानं, भरतनं, लिहिलं. पुढचा इतिहास प्रत्येक सीएच्या ऑफिसात दिसतो.

गंमत म्हणजे ईआरपीनेक्स्टची गोष्टही घरच्या धंद्यातूनच सुरू होते. मुंबईचे रुषभ मेहता, शिक्षणानं इंडस्ट्रियल इंजिनिअर. घरचा फर्निचरचा धंदा. त्यासाठी ईआरपी बसवण्याच्या खटाटोपातून स्वतःच लिहायला घेतलं, २००८ मध्ये कंपनी काढली, आणि नंतर सगळा कोड खुला केला. ईआरपीनेक्स्ट जीपीएलखाली, आणि ज्या फ्रापे फ्रेमवर्कवर ते उभं आहे ते त्याहून मोकळ्या एमआयटी लायसन्सखाली. वरचा मजला, खालचा मजला अशी भानगड नाही. पैसे होस्टिंग आणि सेवेतून. आवृत्ती बदलताना डेटा नेणारे तुकडे कोडमध्येच येतात.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा भारतीय मातीतल्या सॉफ्टवेअरचा फायदा कळला. एचएसएन कोड, राज्याप्रमाणे कराची फोड, जॉबवर्कला पाठवलेल्या मालाचा आयटीसी-०४ फॉर्म. पुढे १ ऑक्टोबर २०२० पासून ई-इनव्हॉइस. आधी ५०० कोटींच्या वरच्या कंपन्यांना, मग मर्यादा उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ ला पाच कोटींवर आली. हे सगळं बेल्जियममध्ये बसून वेळेवर सुचणं कठीण. (म्हणूनच गांधीनगर!) ईआरपीनेक्स्टनं पुढे हा भाग 'इंडिया कम्प्लायन्स' नावाच्या वेगळ्या अॅपमध्ये नेला, तोही ओपन सोर्स.

उणी बाजूही सांगतो. ईआरपीनेक्स्टचं पडद्यावरचं रूप जुन्या हिशेबनिसांना जड जातं. टॅलीत उजव्या हाताची बोटं न बघता चालतात, इथं माउस शोधावा लागतो. बसवून देणारे लोक कमी-जास्त दर्जाचे. आणि कुणी उत्साही प्रोग्रामरनं मूळ कोडमध्येच हात घातला, की पुढची आवृत्ती घेताना सगळं कोसळतं. हा धोका सगळ्याच ओपन सोर्स ईआरपीत आहे. कोड बदलता येतो म्हणून बदलायचाच असं नसतं.

मग निवड कशी करायची?

या सगळ्या भाऊबंदकीतून मी मित्रासाठी पाच प्रश्न काढले.

पहिला: कॉपीराइट कुणाकडे आहे? एकाच कंपनीकडे सगळे हक्क असतील तर पुढच्या आवृत्तीचं लायसन्स ती बदलू शकते. आधी दिलेला कोड मात्र परत घेता येत नाही.

दुसरा: कंपनी पैसे कशातून मिळवते? होस्टिंगमधून, सेवेतून, की वरच्या मजल्यातून? उत्तर 'कशातूनच नाही' असेल तर जास्त सावध राहा.

तिसरा: आवृत्ती बदलायचा रस्ता टोलचा आहे का? कॉम्पिएरे आणि ओडू, दोन्हीकडे खरी गाठ इथंच बसली.

चौथा: आपल्या गावात हे येणारी किमान तीन वेगवेगळी माणसं आहेत का? एकच असेल तर फॉक्सप्रोवाल्या गृहस्थांचीच नवी आवृत्ती.

पाचवा आपल्या कायद्याचा. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे, आणि ती बंद करता येता कामा नये. ज्याचा कोडच बदलता येतो त्याबद्दल ऑडिटर हमखास विचारणार. ईआरपीनेक्स्टमध्ये नोंद एकदा सबमिट केली की ती रद्द करून नवी सुधारित करावी लागते, जुनी खुणेसह राहते. पण डेटाबेसमध्ये थेट शिरणाऱ्याचं काय? तो पासवर्ड कुणाकडे, हे पहिल्या दिवशी कागदावर लिहून ऑडिटरला दाखवा.

मग आम्ही एक खरी ऑर्डर घेतली आणि ओडू कम्युनिटी व ईआरपीनेक्स्ट दोन्हींतून शेवटपर्यंत नेली. पत्रा आला, कापला, प्रेसवर गेला, चलन करून बाहेर प्लेटिंगला गेला, बारा नग रिजेक्ट होऊन परत आले, भंगार विकलं, बिल झालं. कुणाचा डेमो पाहण्यापेक्षा हे एक काम जास्त शिकवून गेलं. दोन्हींत ते जमलं. ओडूत हात जास्त सहज चालले, पण अकाउंटिंगशी आल्यावर वरच्या मजल्याचं दार आडवं आलं. पंचेचाळीसपैकी सिस्टीमवर बसणारे पंधरा, त्यांचं माणशी भाडं दरवर्षी. हिशेब मांडल्यावर मित्रानं ईआरपीनेक्स्ट घेतलं. त्याच्या जागी पैशाची चणचण नसलेली, दोनशे माणसांची ट्रेडिंग कंपनी असती तर मी ओडू एंटरप्राइझ घ्या असंच सांगितलं असतं. त्यात कमीपणा काही नाही, फक्त आपण भाडेकरू आहोत हे माहीत असावं.

या इतिहासात जिंकलं कोण, असं मला विचाराल तर सांगता येणार नाही. कॉम्पिएरे विकली गेली, एडेम्पिएरे फुटलं, ट्रायटन देखणं राहिलं पण आपल्याकडे रुजलं नाही, ओडू श्रीमंत झालं आणि अर्धं बंद झालं. ईआरपीनेक्स्टच्या कुंडलीत पुढे काय लिहिलंय कोण जाणे. त्यामुळे कुठलंही घ्या, पण महिन्यातून एकदा सगळा डेटा आपल्या हार्ड डिस्कवर उतरवून, दुसऱ्याच मशीनवर तो परत चालू होतो का ते बघा. नुसता बॅकअप घेऊ नका, तो उघडून बघा. भांडण कंपनीचं होवो नाहीतर कम्युनिटीचं, वाटणीच्या दिवशी ज्याच्या हातात कागद असतो त्याचंच चालतं.

असो. बराच लांबला लेख. भाऊबंदकीचा विषय निघाला की मराठी माणूस थांबतो थोडाच!